शेपटाचं काम : प्रकल्पाच्या नोंदी, कुपवाड

१६ जून २०२४

आजपासून शेपटासाठी वेगळी वही. विमान गेल्या वर्षीच बांधून झालं, पंखांचा पसारा २.४ मीटर, पंखाची रुंदी ३६ सेंटीमीटर, रेडिओवर चालणारं. फेब्रुवारीत माळावर उडवलं पण उडवलं म्हणण्यापेक्षा कसंबसं हवेत ठेवलं, आणि उतरताना इतकं जोरात बसलं की पुढची चाकं वाकली. वजन ६.९ किलो भरलं होतं, त्यातलं साडेचारशे ग्रॅम नुसतं नाकात भरलेलं शिसं.

ते शिसं का लागलं हे काल रात्री पुन्हा मांडून बघितलं. आडवं शेपूट, म्हणजे पुढचा पक्का होरिझॉन्टल स्टॅबिलायझर आणि मागचा हलणारा एलिव्हेटर मिळून, ३९५ ग्रॅम. मी पॅटर्न मेकर माणूस, तीस वर्षं फाउंड्रीला सागवानी पॅटर्न, म्हणजे ओतकामाचे लाकडी नमुने, करून देतोय, हाताला सवय अशी की वस्तू ठणठणीत पाहिजे, कोपरा शार्प पाहिजे, मोल्डिंगवाल्याने आपटली तरी टवका उडता कामा नये. तशीच सागवानी पट्टीची स्पार, म्हणजे शेपटाच्या आतला लांब कणा, घातली आणि वर प्लाय. पण शेपूट बॅलन्स पॉइंटच्या ११३ सेंटीमीटर मागे आहे आणि नाकात शिसं ठेवायची जागा पॉइंटच्या फक्त ४२ सेंटीमीटर पुढे, म्हणजे मागे एक ग्रॅम वाढला की पुढे २.७ ग्रॅम भरायला लागतात. तराजूचा दांडाच आहे तो, लांब बाजूला चिमूटभर टाकलं की आखूड बाजूला मूठभर लागणार.

ठरलं, शेपूट नवीन करायचं. २५० ग्रॅमच्या आत.

२३ जून

भाचा आला होता मिरजेहून, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. त्याला म्हणलं जुन्या शेपटाचा आकार मी फोटो बघून डोळ्याने काढला होता, या वेळी आधी हिशोब सांग. तो म्हणाला, "मामा, शेपटाचं क्षेत्रफळ एकटं बघायचं नसतं, ते किती लांब आहे ते पण गुणायचं." त्याला टेल व्हॉल्यूम म्हणतात. शेपटाचं क्षेत्रफळ गुणिले पंखापासूनचं अंतर, आणि त्याला पंखाचं क्षेत्रफळ गुणिले पंखाच्या रुंदीने भागायचं. छोट्या एका इंजिनाच्या विमानांना हा आकडा साधारण ०.५ ते ०.७ येतो, ग्लायडरला ०.५ च्या आसपास, मोठ्या प्रवासी जेटला १ च्या जवळ.

आपला पंख ०.८६४ चौरस मीटर, शेपटापर्यंतचं अंतर १.१५ मीटर. ८० सेंटीमीटर लांब आणि २० सेंटीमीटर रुंद शेपूट धरलं की ०.१६ चौरस मीटर, आकडा आला ०.५९. जुनं शेपूट मोजलं तर ०.४१ निघालं. म्हणजे जड पण होतं आणि लहान पण. फेब्रुवारीत विमान नाक वर करून डुलत होतं त्याचं अर्धं उत्तर इथंच मिळालं.

उभ्या शेपटाला, पक्की फिन आणि तिच्यामागचा हलणारा रडर धरून, अशाच हिशोबाने ०.०४ धरतात, पण त्यात पंखाच्या रुंदीऐवजी पूर्ण पसारा येतो. ३० सेंटीमीटर उंच आणि सरासरी २४ रुंद हवं. आपलं आहे ते त्याच्या जवळपास आहे, ते ठेवतोय, आधी आडवं.

शेपूट करतं काय हे घरी विचारलं सौ.नी, चहा देताना. त्यांना मी म्हणलं बैलगाडीत माल पुढच्या बाजूला जास्त भरला की जू बैलाच्या मानेवर दाबतं, मग एक माणूस मागच्या टोकाला बसवतात, तसं. विमानाचं वजन थोडं पुढे ठेवतात मुद्दाम, पंख पण स्वतःहून नाक खाली ओढत असतो, आणि शेपूट मागून खाली दाबून ते सावरतं. झोत लागून नाक वर गेलं तर शेपटाला खालून हवा लागते, ते वर ढकललं जातं आणि नाक परत खाली येतं. हे सगळं कोणी हात न लावता. त्यासाठीच आपला बॅलन्स पॉइंट पंखाच्या ३० टक्क्यांवर आणि ज्या पॉइंटला विमान डळमळायला लागेल तो हिशोबाने ४५ टक्क्यांवर, मध्ये साडेपाच सेंटीमीटरचा दम आहे. शेपूट लहान केलं की हा दम कमी होतो.

३० जून

बाल्साच्या शीट आल्या, ३ मिलिमीटरच्या आणि दीड मिलिमीटरच्या, सगळ्या १ मीटर लांब आणि १० सेंटीमीटर रुंद. बाल्सा मुख्यतः इक्वेडोरहून येतं, झाड झपाट्याने वाढतं आणि लाकूड भलतं हलकं, पण एका शीटसारखी दुसरी नसते. ३ मिलिमीटरच्या शीटचं आकारमान ३०० घन सेंटीमीटर, चांगली शीट ३६ ग्रॅम भरली आणि त्याच गठ्ठ्यातली दुसरी ६० ग्रॅम. दुकानदार दोन्हीला एकच भाव लावतो.

नुसतं हलकं घेऊन चालत नाही म्हणून शीट बांधून मिरजेला नेल्या. तिथं सतारी बनवणारे एक काका आहेत, वडिलांच्या ओळखीचे. मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला याच वर्षी जीआय, म्हणजे गावाच्या नावाची सरकारी ओळख, मिळालं, गल्लीत तोच विषय चालू होता. काकांनी कधी बाल्सा हातात धरलं नव्हतं, त्यांचं सगळं काम तूण लाकडावर आणि भोपळ्यावर. एकेक शीट एका टोकाशी दोन बोटांत लटकती धरून मध्ये टिचकी मारत गेले आणि दोन गठ्ठे केले. "हे बोलतंय, हे मेलंय." घरी येऊन मी प्रत्येक शीट टेबलाच्या कडेबाहेर ठेवून टोकाला शंभर ग्रॅमचं वजन टांगलं आणि वाक मोजला. त्यांच्या बोलणाऱ्या गठ्ठ्यातल्या एकूण एक शीट कमी वाकल्या. हलक्या असून कमी वाकल्या. वरचा सूर देणारं लाकूड वजनाच्या मानाने ताठ असतं हे पुस्तकात आहेच पण काकांनी वीस मिनिटांत केलं ते मला वजनकाट्याने अख्खा दिवस लागला असता.

दाण्याचा पण फरक आहे. ओंडक्याच्या मध्यापासून सालीकडे, चाकाच्या आऱ्यासारखी चिरलेली शीट, जिच्यावर माशाच्या खवल्यासारखे ठिपके दिसतात, ती आडवी वाकतच नाही, ती रिबला, म्हणजे आतल्या फासळ्यांना. साधी चिरलेली गोल वळते, ती वरच्या कातडीला, लीडिंग एज म्हणजे पुढच्या कडेवरून वळवायला.

७ जुलै

रिबचे साचे कापले. आकार नाका (NACA) ०००९, हा पुस्तकातला ठरलेला छेद, वरून खालून सारखा, जाडी रुंदीच्या ९ टक्के म्हणजे २० सेंटीमीटरला १८ मिलिमीटर. शेपटाला कधी वर कधी खाली जोर द्यायचा असतो म्हणून दोन्हीकडून सारखा आकार. पुढचे १३ सेंटीमीटर पक्कं शेपूट, मागचे ७ सेंटीमीटर हलणारा एलिव्हेटर. सागवानी स्पारऐवजी कार्बनची नळी, बाहेरून १० मिलिमीटर, आतून ८, मागे एक ६ मिलिमीटरची. अख्खी १० ची नळी २२ ग्रॅम भरली. सागवानी पट्टी ९४ ग्रॅम होती!

२१ जुलै

पाऊस थांबायचं नाव नाही, कृष्णा चढतेय, सांगलीच्या आयर्विन पुलावरच्या पाण्याच्या पट्टीकडे सगळ्यांचं लक्ष. २०१९ ला आमच्या बहिणीचा तळमजला गेला होता त्यामुळे जुलै आला की जीव थाऱ्यावर नसतो. आठवडाभर काम कमी.

आणि जे केलं ते वाया गेलं. डावा अर्धा भाग गुरुवारी चिकटवून ठेवला होता, वरची कातडी एका शीटची आणि खालची दुसऱ्या शीटची, एक टेबलावर उघडी पडलेली ओल धरलेली आणि एक पिशवीतली कोरडी. ओली वाळली तशी आकसली आणि अख्ख्या भागाला पीळ बसला. टोकाला २ अंश मोजले. २ अंश डोळ्याला दिसत पण नाहीत पण एका बाजूचं शेपूट कायम एका दिशेला दाबत राहणार, विमान कायम कलत राहणार, ते ट्रिमने, म्हणजे रेडिओवरून कायमची थोडी दुरुस्ती देऊन, लपवता येतं आणि वेग वाढला की परत वर येतं. तापवून सरळ करायचा सल्ला एकाने दिला. मी तोडलं. पॅटर्नच्या कामात पण जबरदस्तीने सरळ केलेली फळी पुढच्या पावसाळ्यात परत फिरते, हे तीस वर्षं बघतोय.

जुन्या लोखंडी कपाटात खालच्या खणात ६० वॅटचा बल्ब लावला, सगळं बाल्सा त्यात. चिकटवण्याआधी दोन दिवस सगळे तुकडे एकत्र कपाटात राहतील आणि वरची खालची कातडी एकाच शीटमधून कापायची. आता हाच नियम.

४ ऑगस्ट

मेव्हण्यांना सोडायला कोल्हापूर विमानतळावर गेलो होतो, उजळाईवाडीला. लांबून एटीआर ७२ उभं दिसलं, आडवं शेपूट फिनच्या अगदी वर, टी अक्षरासारखं. भाचा बरोबर होता, म्हणलं आपण पण असं करू का, पंखाची आणि पंख्याची ढवळलेली हवा लागणार नाही. तो म्हणाला वर बसवलं की फिनला सगळा भार पेलायला लागतो, फिन जड होते, आणि जड म्हणजे परत मागे वजन.

दुसरं कारण त्याने परत येताना गाडीत सांगितलं. २२ ऑक्टोबर १९६३ ला इंग्लंडमध्ये बीएसी वन-इलेव्हन या जेटचा पहिला नमुना चाचणीत पडला, सातही जण गेले. टी शेपूट होतं. पंख स्टॉल झाला, म्हणजे पंखावरची हवा सुटून त्याची उचल गेली, नाक वर राहिलं, आणि पंखामागची मेलेली हवा नेमकी वरच्या शेपटावर आली. एलिव्हेटर खाली दाबून उपयोग शून्य, कारण त्याला धरायला हवाच नाही. याला डीप स्टॉल म्हणतात. त्यानंतर अशा विमानांत स्टॉलच्या आधी दांडी थरथरवणारी आणि पुढे ढकलणारी यंत्रं बसवायला लागले. चाचणीवाल्यांनी जीव देऊन शोधून काढलेली गोष्ट आहे ती. आपलं शेपूट खालीच राहील, बॉडीवर.

आणि तेजस या लढाऊ विमानाला मागे आडवं शेपूटच नाही हे पण त्यानेच दाखवलं फोटोत, त्रिकोणी पंखाच्या मागच्या कडाच ते काम करतात आणि कॉम्प्युटर सेकंदाला कितीतरी वेळा सावरत असतो. आपल्याकडे तो कॉम्प्युटर नाही, शेपूट पाहिजे.

१५ ऑगस्ट

झेंडावंदन करून शॉपवर. आज जिग, म्हणजे जोडताना सगळे तुकडे जागच्या जागी सरळ धरणारा साचा. मला विचाराल तर शेपूट बनवणं म्हणजे अर्ध्याच्या वर जिग बनवणं. खऱ्या कारखान्यात पण हेच असतं, हैदराबादला टाटा आणि बोइंगच्या संयुक्त कंपनीत बोइंग ७३७ चं उभं शेपूट तयार होतं, तिथं काय किंवा आपल्याकडे काय, दोन स्पार, मध्ये रिब, वर कातडी, आणि जोपर्यंत कातडी बसत नाही तोपर्यंत तो सांगाडा लुळा असतो. कातडी बसली की बंद पेटी होते आणि मग पीळ खात नाही. त्यामुळे पेटी बंद होताना ती ज्या आकारात धरली असेल तोच आकार जन्मभराचा. म्हणून धरणारं यंत्र सरळ पाहिजे.

माझं टेबल सरळ नव्हतं. ६ फुटात ४ मिलिमीटर उतार. शेजारच्या शेडचं बांधकाम चालू आहे तिथल्या गवंडीकाकांकडून पारदर्शक नळीची लेव्हल आणली, पाणी भरून दोन टोकांना धरली, त्यांनीच उभं राहून पाचरी ठोकून दिल्या. डिजिटल अँगल गेज माझ्याकडे आहे पण ते एका जागी ठेवून मोजतं, सहा फुटांवरची दोन टोकं एका पातळीत आणायला पाण्यासारखं काही नाही.

मग बॉडीवरची बैठक तपासली. पंख बॉडीला २ अंश वर, शेपूट ० अंश पाहिजे. बैठक निघाली अर्धा अंशाहून जास्त चुकलेली, ०.७. तासून, खाली पातळ प्लायची पट्टी घालून ० वर आणली, दुपारचे चार वाजले. पंख आणि शेपूट यांच्या कोनातला हा फरकच विमानाला स्वतःहून सरळ ठेवतो. १८७१ मध्ये आल्फोन्स पेनो नावाच्या फ्रेंच तरुणाने पॅरिसच्या त्विलरी बागेत रबराच्या पिळावर चालणारं छोटं विमान ११ सेकंद सरळ उडवून दाखवलं, मागचं शेपूट पंखापेक्षा कमी कोनात बसवून. राइट बंधूंच्या ३२ वर्षं आधी. वय एकवीस होतं त्याचं.

२५ ऑगस्ट

दोन्ही भाग झाले, या वेळी पीळ पाव अंशाच्या आत. दोन्हीत एकेक छोटा सर्व्हो, म्हणजे रेडिओच्या हुकमाने एलिव्हेटर हलवणारी मोटर, बसवला, प्रत्येक एलिव्हेटरला आपला आपला, भाच्याचा आग्रह, एक बंद पडला तर दुसरा राहील.

मधल्या काळात लेथच्या क्रॉस स्लाइडचा नट झिजला, हँडल पाव फेरा फिरवलं तरी टूल हलत नाही. तो बदलताना भाच्याला बॅकलॅश म्हणजे काय ते हातात देऊन दाखवलं, पितळी नटाचे आटे पातळ होऊन धारदार झाले होते. त्यावर त्याने अलास्का एअरलाइन्सच्या २६१ नंबरच्या फ्लाइटचं सांगितलं. ३१ जानेवारी २०००. एमडी-८३ विमान. मोठ्या जेटमध्ये अख्खं आडवं शेपूट लांब स्क्रूवर वर खाली होतं, ट्रिमसाठी, आणि स्क्रू फिरतो तो अॅल्युमिनियम ब्रॉन्झच्या नटात. ग्रीस वेळेवर पोचलं नाही, नटाचे आटे पूर्ण झिजून गेले, शेपूट अडकलं आणि मग सुटलं. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ समुद्रात. ८८ माणसं. स्क्रू आणि नट, माझ्या लेथवर आहे तशीच जोडी. तो जुना नट मी टाकला नाही, खिडकीत ठेवलाय, येता जाता दिसावा.

६ सप्टेंबर

उद्या गणपती. काम बंद, मखर.

२२ सप्टेंबर

वजन चाचणी. हवेचा जोर असा काढला, जास्तीत जास्त वेग सेकंदाला ३० मीटर म्हणजे ताशी १०८ किलोमीटर, आपण समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर त्यामुळे हवा थोडी विरळ धरली, शेपटावर जास्तीत जास्त ८ किलोच्या आसपास येतो. खऱ्या विमानांना नियमच आहे, उड्डाणात जास्तीत जास्त जेवढा भार येऊ शकतो त्याच्या दीडपट भाराला सांगाडा तुटता कामा नये. म्हणून आपण १२ किलो.

किराणा दुकानातून मिठाचे एक किलोचे १२ पुडे आणले, वजन नेमकं असतं आणि पुडा शेपटाच्या आकाराला मऊ बसतो. जास्त पुडे बॉडीच्या बाजूला, कमी टोकाला, आणि सगळे पुढच्या नळीच्या जवळ, कारण हवेचा जोर पण तसाच पुढच्या भागात जास्त असतो. शेपूट सरळ धरून वर ठेवले, कारण उडताना बहुतेक वेळ जोर खालीच असतो. आठव्या पुड्याला टोक ७ मिलिमीटर वाकलं, बाराव्याला ११. एकदा बारीक टक् आवाज आला आणि सगळे गप्प. पुडे काढल्यावर टोक जिथल्या तिथं परत. आवाज बैठकीतल्या प्लायच्या पट्टीचा होता, गोंद नीट लागला नव्हता एका कोपऱ्याला, तो लावला आणि परत १२ ठेवले, दहा मिनिटं. आवाज नाही. मग उलटं करून परत तेच.

मीठ घरी नेलं. वर्षभर पुरेल.

१२ ऑक्टोबर

दसरा. हत्यारांची पूजा, रंधा पटाशी गुण्या मांडले आणि त्यांच्या शेजारी शेपूट. वरून प्लॅस्टिकची फिल्म चढवून, सर्व्हो धरून वजन २४० ग्रॅम. जुन्यापेक्षा १५५ कमी. नाकातलं शिसं साडेचारशेवरून ३० ग्रॅमवर आलं. विमान ६.९ वरून ६.३ च्या आसपास. सौ.नी सोन्याचं पान शेपटाला पण दिलं.

२० ऑक्टोबर

माळावर. डिजिटल स्काय या सरकारी साइटवर कुठं उडवता येतं त्याचा नकाशा बघून घेतला, हिरवा झोन, शेताच्या मालकांना विचारून. सकाळी साडेसातला वारा नव्हता.

विमान चाळीस पावलांत उठलं. फेब्रुवारीतलं तेच विमान आहे यावर विश्वास बसेना, नाक जिथं ठेवलं तिथं राहत होतं, हात सोडला तरी. पाच मिनिटं सगळं व्यवस्थित आणि मग मी उतरत्या रेषेत वेग घेऊ दिला, आणि आवाज आला. भर्रर्र असा, पतंगाची शेपटी फडफडते तसा पण खूप मोठा. डोळ्याला मागचा भाग धूसर दिसला. इंजिन कमी केलं, नाक हळू वर, आवाज थांबला. दोन सेकंद असेल सगळं मिळून. जमिनीवर आणलं तेव्हा हात थरथरत होते.

डाव्या एलिव्हेटरची मधली हिंज म्हणजे बिजागरी फाटली होती, सर्व्होपासून एलिव्हेटरपर्यंत जाणाऱ्या पुशरॉडच्या टोकाचा चिमटा, क्लेविस, जिथं अडकतो ते भोक लांबट झालं होतं. अजून दोन सेकंद गेले असते तर एलिव्हेटर गेला असता.

२७ ऑक्टोबर

आठवडाभर डोक्यात तेच. मीठ ठेवून १२ किलोला पास झालेली वस्तू दोन सेकंदात फाटते कशी? कारण मीठ हलत नाही. वजन चाचणीने मजबुती कळते, फडफड कळत नाही. फ्लटर ही वेगळी गोष्ट, एलिव्हेटर थोडा हलतो, हवेचा जोर बदलतो, त्याने शेपूट पिळतं, त्याने एलिव्हेटर अजून हलतो, आणि प्रत्येक फेरीला हवा त्यात ताकद घालत जाते. झोपाळ्याला बरोबर वेळेवर धक्का द्यावा तसं.

भाच्याने सांगितलेलं इथं लिहून ठेवतो कारण हे आपलंच आहे. १९१६ मध्ये इंग्लंडच्या हँडली पेज कंपनीच्या दोन इंजिनांच्या बॉम्बरचं शेपूट उडताना भयंकर थरथरायचं, बॉडी पिळली जायची. लँचेस्टर नावाच्या इंजिनिअरने शोधलं की डावा आणि उजवा एलिव्हेटर एकमेकांना पक्के जोडलेलेच नाहीत, लांब तारांवर आहेत, त्यामुळे एक वर जातो तेव्हा दुसरा खाली जाऊ शकतो. उपाय त्याने साधा सांगितला, दोघांना मधून एका ताठ नळीने जोडा. जोडलं, थांबलं.

आपण १०८ वर्षांनी तेच केलं होतं. दोन वेगळे एलिव्हेटर, दोन वेगळे सर्व्हो, प्रत्येकात गिअरची थोडी ढिलाई, क्लेविसची थोडी ढिलाई. खिडकीतला नट रोज बघत होतो आणि शेपटातली ढिलाई बोटाने हलवून कधी बघितली नाही. आज हलवून बघितली. मागच्या कडेला ३ मिलिमीटर.

भाचा म्हणाला, "मामा, दोन सर्व्हो मीच म्हणलं होतं." त्याला म्हणलं अरे बाळा, बसवले तर मीच ना.

नवीन रचना. दोन्ही एलिव्हेटर मधून कार्बनच्या नळीने एक. शेपटातले दोन्ही सर्व्हो काढले, ४४ ग्रॅम गेले. एकच मोठा मेटल गिअरचा सर्व्हो बॉडीत, बॅलन्स पॉइंटच्या १५ सेंटीमीटर पुढे, तिथून मागपर्यंत कार्बनचा ताठ रॉड, दोन्ही टोकांना क्लेविसऐवजी बॉल लिंक, म्हणजे गोळीवर घट्ट बसणारा सांधा. लांब वायरी निघाल्या तेवढंच वजन रॉडचं आलं. एलिव्हेटरच्या आत सरळ रिब काढून तिरप्या घातल्या, एकमेकींना छेदणाऱ्या. हाताने पिळून बघितलं तर जुना एलिव्हेटर ओल्या पुठ्ठ्यासारखा पिळला जात होता, नवीन हलत नाही, आणि वजन दोघांचं सारखंच, २२ ग्रॅम.

मागच्या कडेची ढिलाई आता अर्धा मिलिमीटर पण नाही.

३ नोव्हेंबर

भाऊबीज, बहिणीकडे मिरजेला. दोन्ही एलिव्हेटर पेपरात गुंडाळून बरोबर नेले. ओवाळून झालं, जेवण झालं आणि मग तिच्या स्वयंपाकघरातल्या ओट्यावर मी आणि भाचा बसलो.

एलिव्हेटर हिंजच्या मागे जड असतो, २२ ग्रॅम, त्याचा मध्य हिंजच्या अडीच सेंटीमीटर मागे. शेपूट एकदम वर उचललं गेलं की तो वजनामुळे मागे राहतो, म्हणजे खाली वळतो, आणि तिथूनच फडफडीची सुरुवात. म्हणून हिंजच्या पुढे तेवढंच वजन हवं. टोकाला एलिव्हेटरचा एक कान पुढे काढलाय, ४ सेंटीमीटर, त्यात शिसं. अडीच गुणिले बावीस, भागिले चार, १४ ग्रॅम. जे शिसं आपण नाकातून काढत आलो ते इथं प्रत्येक बाजूला १४ ग्रॅम परत घालायचं जिवावर आलं होतं, तेही शेपटात, सगळ्यात महाग जागी. पण घातलं. दोन सुयांवर एलिव्हेटर टेकवला, कानात शिशाचे छर्रे एकेक टाकत गेलो. मागची कडा खालीच. अजून एक. अजून एक. मग एका छऱ्याला ती उचलली गेली आणि आडवी थांबली, वर पण नाही खाली पण नाही, बोटाने कुठल्याही कोनात ठेवली की तिथंच राहते. बहीण बघत होती, म्हणाली सोनाराचा काटा आहे काय रे हा.

पूर्ण शेपूट आता २३६ ग्रॅम. नाकातलं शिसं शून्य.

१० नोव्हेंबर

माळ, तोच, सकाळी सव्वासात, धुकं उठल्यावर. निघण्याआधी ढिलाई बोटाने तपासली, दोन्ही बॉल लिंक, सहाही हिंज ओढून. नायलॉक नट, म्हणजे आत नायलॉनचं कडं असलेला, एकदा काढलेला परत वापरला नाही, नवीन लावले.

पहिली फेरी मध्यम वेगात. दुसऱ्या फेरीत थोडा उतार. तिसऱ्या फेरीत तिथूनच, त्याच उंचीवरून, २० तारखेला जिथं आवाज आला होता त्याच रेषेत खाली येऊ दिलं. भाचा शेपटाकडे दुर्बीण लावून उभा. फक्त पंख्याचा आवाज आणि वाऱ्याची शीळ. "मामा, कड स्वच्छ दिसतीय." परत वर नेलं आणि अजून थोडं जास्त, ताशी १०० च्या जवळ. स्वच्छ.

मग हात सोडला. बोट स्टिकच्या वर एक इंच. झोत आला, नाक उचललं, एकदा खाली आलं, थोडं वर, आणि थांबलं. मोजलं, दोन हेलकावे.

एलिव्हेटरला दोन क्लिक खाली ट्रिम लागली, म्हणजे बैठकीचा कोन अजून पाव अंश बाकी आहे. पुढच्या रविवारी पट्टी पातळ करणार. रडरची ढिलाई पण आज मोजली, सव्वा मिलिमीटर.